जळजळ झाली की सिप्रो? अहो, जरा थांबा!

निशिगंध: 'तर्कट' यांची कालची पोस्ट वाचली, "लघवीला जळजळ झाली की सिप्रो पाचशे, तीन दिवस, विषय संपला, डॉक्टर उगाच टेस्ट लावतात". डोकं फिरलं म्हणून लिहितेय. सिप्रो म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन, अँटिबायोटिक. माझ्या बहिणीने वर्षात चार वेळा हेच केलं. चौथ्या वेळी थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला कळा, आणि कल्चरच्या (लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टात ई. कोलाय या जंतूच्या खाली सिप्रोपुढे R, म्हणजे औषध लागूच पडत नाही, तिच्याच गटातल्या लिव्होपुढेही R. मग शिरेतून इंजेक्शनं. मूत्राशयापुरतं साधं इन्फेक्शन असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन ५ दिवस, नाहीतर फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी. सिप्रो मागे राखून ठेवायचं. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्येच बजावलंय, दुसरा पर्याय असताना साध्या युटीआयला (लघवीच्या इन्फेक्शनला) सिप्रोचा गट नको, टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी, टाचेमागे असते तशी) आणि मज्जातंतूंना धोका आहे.

तर्कट: टेंडन म्हणे! माझ्या बायकोने दहा वेळा घेतली असेल, ठणठणीत आहे. आणि तुमच्या त्या नायट्रोने तिला मळमळून आलं, लघवी चहासारखी झाली, घाबरून बंद केली.

गोळीबहाद्दर: रंग बदलतो हो, त्याने काही होत नाही. आणि पोटात काही नसताना घेतली असणार, जेवणाबरोबर घ्यायची असते. पण निशिगंधताई, तापाचं वेगळं लिहा ना, लोक अर्धवट वाचतात. नायट्रो लघवीत उतरते, किडनीच्या आत पुरेशी पोचत नाही. ताप, कळा, उलट्या असतील तर ती नाहीच, सरळ डॉक्टर गाठायचा. गरोदर बाईनेही मनाने काही घ्यायचं नाही.

शुभा_के: औषधांचं राहू द्या, मला त्या "पाणी कमी पिता" वाल्यांचा राग येतो. दर वेळी तेच! मी दिवसभर बाटली घेऊन फिरते तरी होतं. वर आमच्या सासूबाई, "स्वच्छता ठेवत जा गं". पन्नाशीनंतर पाळी गेल्यावर सारखं व्हायला लागलं तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी योनीत लावायचं इस्ट्रोजेन दिलं, तेव्हा कुठे थांबलं. त्याआधी सात जणांनी पाणीच पाजलं.

निशिगंध: सासूबाईंवरचा तुझा राग अगदी पटला. पण पाणी अगदीच थोतांड नाही गं, २०१८ च्या एका अभ्यासात कमी पाणी पिणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर जास्त प्यायल्यावर इन्फेक्शन कमी झाली होती. तू आधीच पितेस, तुला काय उपयोग.

शुभा_के: म्हणजे शेवटी दोष बाईचाच. छान!

निशिगंध: असं कुठे म्हटलं मी??

गोळीबहाद्दर: भांडा आता. एक राहिलंच, ते लघवी अल्कलाइन करणारं गोड सिरप नायट्रोबरोबर पिऊ नका, तिला लघवी आम्लच लागते.

तर्कट: बरं बाबा, साध्या केसला नायट्रो आधी, मान्य, विद्वानहो. पण कल्चर येईस्तोवर दोन दिवस कण्हत बसायचं का?

गोळीबहाद्दर: कोण सांगतंय थांबायला? पहिल्यांदाच साधं झालं असेल तर बहुतेकदा कल्चर लागतही नाही. सारखं होत असेल तर नमुना आधी द्यायचा आणि गोळी त्याच दिवशी सुरू. गोळी घेऊन मग नमुना दिला तर रिपोर्टात काय डोंबल येणार?

निशिगंध: आणि तर्कट, पुढचं वहिनींनाच लिहू द्या.

तर्कट: विचारलं तिला. म्हणे दहा नाही, तीनदा. आणि शेवटच्या वेळी आठवडाभर टाच धरून बसली होती, मी चप्पल बदल म्हणालो होतो. आता ती वाचतेय वरचं सगळं. मी निघतो.