स्वर्गाची आशा आहे, पण सोमवारचं काय?

रात्रपाळी: बाबा जाऊन आठ महिने झाले. अंत्यविधीला पाळकांनी बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय वाचला, मृतांच्या पुनरुत्थानाचा. माझा त्यावर विश्वास आहे, त्याबद्दल वाद नाही. अडचण वेगळीच आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "रडू नका, ते प्रभूजवळ आहेत." बरं, आहेत. मग मी उरलेली वर्षं काय नुसती वाट बघत काढायची? उठायचं, दाढी करायची, कामावर जायचं, परत यायचं. सगळं खरं पलीकडेच असेल तर या खटाटोपाला अर्थ काय? हल्ली बायबलच्या 'उपदेशक' पुस्तकातलं 'सर्व काही व्यर्थ' जास्त पटतं. असं कुणाला झालंय?

खिडकीपाशी: आधी रडून घ्या. पौलाने थेस्सलनीकाकरांना (पहिलं पत्र, ४:१३) शोकच करू नका असं कुठे लिहिलंय? ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, एवढंच. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो रडला (योहान ११:३५). सांत्वनाला येणारे हे बरोबर विसरतात.

शाईपेन: पत्नी गेल्यावर दोन वर्षं मी याच गाळात होतो. प्रार्थनेला शब्द सुचत नसत, तेव्हा ८८वं स्तोत्र वाचायचो. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात. हे अंधारातच संपतं. तेही पवित्र शास्त्रात आहे, एवढ्यानेच धीर यायचा.

आता तुमचा सोमवार. तो १५वा अध्याय शेवटच्या, ५८व्या वचनापर्यंत वाचा. पुनरुत्थानावर एवढं लिहून झाल्यावर पौल 'म्हणून' म्हणतो आणि येतो कशावर? कामावर! प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आपल्या मराठी शास्त्रात हा उपदेशकाचाच शब्द, फक्त उलटा फिरवलेला. आणि तिथेही थांबू नका. पुढचंच, १६व्या अध्यायाचं पहिलं वाक्य वर्गणीचं आहे: यरुशलेमच्या विश्वासणाऱ्यांसाठी आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने काही बाजूला काढून ठेवावं. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली. मूळ पत्रात मेलेले उठतात आणि लगेच पैसे गोळा करायची गोष्ट! पौल मला इथे फार आवडतो. शरीर उठणार असेल तर त्या हातांनी केलेलं कामही फुकट जात नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. चुकतही असेन.

पायरी: माझा पुनरुत्थानावर विश्वास नाही, पण वर्गणीचं आवडलं. बाकी, आठ महिने म्हणजे काहीच नाही हो.

रात्रपाळी: आत्ताच बाबांचं शास्त्र काढून बघितलं. १५व्या अध्यायात पेन्सिलीच्या खुणाच खुणा, १६व्यात एकही नाही. हसू आलं. मंडळीच्या वर्गणीचा हिशेब २१ वर्षं तेच लिहायचे. दर रविवारी, दुपारी, जेवायच्या आधी.