परमँगनेटचे वाचन वरच्या कडेशी घेतले म्हणून गुण कापणे योग्य आहे का?

प्रश्न (बारावी, विज्ञान शाखा):
ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांच्या अनुमापनात (एका द्रावणाला दुसरे किती लागते ते मोजून तीव्रता काढण्याच्या प्रयोगात) ब्युरेटचे (मापखुणा आणि तोटी असलेल्या काचनळीचे) वाचन मी द्रावणाच्या वरच्या कडेशी घेतले आणि जर्नलमध्ये तसे स्पष्ट लिहिले. सरांनी 'वाचन नेहमी खालच्या वक्राशी घ्यावे' (म्हणजे द्रवाच्या खोलगट पृष्ठभागाच्या तळाशी) असा शेरा देऊन दोन गुण कमी केले. तिन्ही वाचने '१० मि.लि.' अशी लिहिल्याबद्दल आणखी एक गुण गेला. आम्ल ०.०५ मोलर, परमँगनेट ०.०२ मोलर आणि पिपेट १० मि.लि.ची असल्याने उत्तर १० मि.लि.च यायला हवे होते. सरांकडे दाद मागावी का?

उत्तर १ (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक):
पहिल्या मुद्द्यावर तुझे म्हणणे बरोबर आहे. खालच्या वक्राचा नियम पारदर्शक द्रावणांसाठी आहे. परमँगनेटच्या गडद जांभळ्या रंगात तो वक्र दिसतच नाही, म्हणून वरची कड वाचण्याची रीत आहे. शिवाय अनुमापनात आपण अंतिम वाचनातून आरंभीचे वाचन वजा करतो. दोन्ही वेळा एकच कड वाचली असेल, तर वक्राच्या उंचीचा फरक वजाबाकीत निघून जातो. डोळा पातळीच्या समोर ठेवला होता ना, एवढेच मी विचारले असते. हे दोन गुण मागायला हरकत नाही.

उत्तर २ (प्रयोगशाळा साहाय्यक):
तिसऱ्या गुणाबाबत मात्र मी सरांच्या बाजूने आहे. ब्युरेटचे लघुतम माप ०.१ मि.लि. असते, त्यामुळे वाचन '१०.०' असेच लिहावे लागते. नुसत्या '१०' वरून तुम्ही किती बारकाईने पाहिले ते कळत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, 'उत्तर १० यायलाच हवे' हा युक्तिवाद सरांसमोर कृपया करू नका. परमँगनेट हा प्राथमिक मानक पदार्थ (नुसते वजन करून ज्याचे अचूक तीव्रतेचे द्रावण बनवता येते असा) नाही; साठवणीत, विशेषतः प्रकाशात, त्याचे द्रावण हळूहळू विघटित होते, आणि म्हणूनच त्याची खरी तीव्रता ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाणित द्रावणाने काढतात. जी तीव्रता प्रयोगाने शोधायची, तीच आधी गृहीत धरून वाचन ठरवले असावे, अशी शंका कोणत्याही परीक्षकाला येईल. (आमच्याकडे अशी जर्नले दरवर्षी येतात.)

प्रश्नकर्ता:
वाचने प्रत्यक्ष घेतलेलीच आहेत. मग तिसरा गुण सोडून फक्त वरच्या कडेविषयी बोलावे का?

उत्तर ३ (पालक):
तेच करावे. वर्गात सर्वांसमोर नको. तास संपल्यावर जर्नल आणि प्रयोगपुस्तिकेतील गडद द्रावणांविषयीची सूचना सोबत नेऊन, 'सर, या द्रावणासाठी कोणती कड वाचावी, हे कृपया सांगाल का?' असे विचारावे. पुस्तिकेत तशी सूचना नसेल, तर सरांना परमँगनेट भरलेली ब्युरेटच पाहायची विनंती करावी.