हरवून परत आलेला वास : तुमच्या रोजच्या दिवसातला आनंदाचा गंध कोणता?

वहीवाली, पुणे

नमस्कार. २०२१ च्या एप्रिलमध्ये मला करोना झाला. ताप पाच दिवसांत उतरला, खोकलाही पुढे थांबला; वास मात्र गेला तो नऊ महिने परतला नाही. सुरुवातीला मी त्याविषयी कोणाजवळ बोलले नाही, कारण त्या दिवसांत ओळखीची माणसे ज्या संकटांतून जात होती, त्यांच्यापुढे नाकाची तक्रार काढण्याचाही संकोच वाटे. हळूहळू मात्र ध्यानात येऊ लागले की माझ्या दिवसाचा मोठा भाग पुसला गेला आहे. दूध तळाला लागले तरी कळत नसे. गॅस गळू लागला, तर इशारा मिळावा म्हणून त्यात मुद्दाम मिसळलेला उग्र वास मला येणारच नाही, या भीतीने मी रात्री दोन-दोनदा उठून शेगडीची बटणे तपासत असे. वरणभातावरचे तूप केवळ ओशट लागे. सर्वांत जास्त सलत राहिले ते हे की माझी नात तेव्हा आठ महिन्यांची होती आणि न्हाऊ घातल्यावर तिला छातीशी धरले, तरी तिच्या टाळूचा वास मला येत नव्हता.

ऑक्टोबरमध्ये वास येऊ लागले, परंतु ते खोटे होते. कॉफीला आणि परतलेल्या कांद्याला जळक्या रबरासारखा दर्प येई, आणि त्यामुळे स्वयंपाकघरात उभे राहणेही नकोसे होई. पुढे जानेवारीत एका सकाळी मी कोथिंबिरीची जुडी निवडायला बसले होते. देठ मोडता मोडता एकाएकी तो हिरवा, किंचित तिखट वास आला. मी दुसरी काडी मोडली, पुन्हा आला. मग सबंध जुडी तोंडाशी धरून मी तशीच बसून राहिले. ह्यांनी येऊन काय झाले म्हणून विचारले, तेव्हा मला उत्तर देता येईना.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. रोज एक वास आणि त्याच्यापुढे दोन ओळी, एवढाच तिचा नेम. मी मराठीची शिक्षिका होते, त्यामुळे लिहिताना आपल्या भाषेतले शब्द पुन्हा एकदा पारखून घेतले गेले. खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, आंबूस, मातकट, उग्र. दरवळ, घमघमाट, परिमळ, दर्प, भपकारा. खमंग आणि खरपूस यांच्यात भाजण्याच्या काही क्षणांचेच अंतर आहे, आणि त्या अंतरासाठी आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, याचा मला फार आनंद वाटतो.

माझा प्रश्न असा आहे : तुमच्या रोजच्या जगण्यात, कोणताही प्रसंग किंवा सण नसताना, ज्या वासाने तुम्ही हातातले काम थांबवून उभे राहता, असा वास कोणता? विकत आणलेले अत्तर किंवा उदबत्ती कृपया सांगू नये. जो आपोआप येतो, त्याविषयीच लिहावे.

काळी माती, हातकणंगले

ताई, कोथिंबिरीचा प्रसंग वाचून मी बराच वेळ थांबलो. माझे उत्तर कदाचित अनेकांचे असेल, तरीही लिहितो : वळवाच्या पहिल्या थेंबांनंतर येणारा मातीचा वास.

मी शेती करतो आणि कृषी शाखेचा पदवीधर आहे, म्हणून या वासाचे कारण थोडे सांगतो. कारण कळल्यापासून माझा आनंद वाढला आहे. मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू असतात आणि ते जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात. आपले नाक या द्रव्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. हवेच्या लाख कोटी भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी ते आपल्याला जाणवते. बीट चिरताना जो मातकट वास येतो, तोही याच द्रव्याचा. उन्हाळाभर तापलेल्या दगडमातीवर वनस्पतींची तेलेही साचत जातात, आणि पाऊस पडला की हे सारे एकदम मोकळे होते. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये या वासाला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. आपल्याकडे मृद्गंध हा शब्द आहेच.

हा वास मुसळधार पावसात का येत नाही, याचे मला लहानपणापासून कुतूहल होते. २०१५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अतिवेगवान कॅमेऱ्यांनी पावसाचे थेंब टिपण्यात आले. थेंब सच्छिद्र जमिनीवर आदळला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते थेंबातून वर येऊन फुटतात आणि त्यांच्याबरोबर मातीतला गंध सूक्ष्म तुषारांच्या रूपाने हवेत उडतो, असे त्यात दिसले. आणि हे तुषार जोरदार पावसापेक्षा हलक्या किंवा मध्यम पावसात अधिक उडतात. आमच्याकडचे जुने लोक ‘भुरभुर आली की रान बोलतं’ असे म्हणतात, ते मला त्या दिवशी नव्याने समजले.

मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेकडे ढग दाटून आले की मी विहिरीजवळच्या बांधावर जाऊन उभा राहतो. पुष्कळदा ढग तसेच पुढे सरकतात. ज्या दिवशी थांबतात, त्या दिवशी दूरच्या कोणाच्या तरी रानावर पडलेल्या पावसाचा वास वाऱ्याबरोबर आधी येतो आणि आपल्या रानातले थेंब नंतर. ती मधली पाच-सात मिनिटे मला साऱ्या वर्षात सर्वांत प्रिय आहेत. वर्षातून दोन-तीनदाच येणारा वास रोजचा कसा म्हणावा, असे कोणी विचारील. परंतु त्याची वाट मी रोज पाहतो.

अत्तरवेडा, नागपूर

वहीवाल्या ताईंनी घातलेली अट मला मोडावीशी वाटते, त्याबद्दल क्षमा असावी. उत्तर प्रदेशातील कनौज येथे मातीचेच अत्तर काढतात. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर घालून, तोंड लिंपून, मंद आचेवर ठेवतात. वाफ नळीवाटे भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यात उतरते आणि तेथे असलेल्या चंदनाच्या तेलात तो गंध मुरतो. ज्या १९६४ च्या लेखाचा वर उल्लेख झाला आहे, त्यातही या भारतीय अत्तराची नोंद आहे. माझ्याजवळ त्याची एक लहान कुपी आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, रात्री गच्चीवर अंथरूण घातले की मी तिचे बूच उघडतो आणि बोटाच्या टोकाएवढे अत्तर मनगटावर लावतो. पाऊस महिनाभर दूर असताना या एका थेंबाने जो धीर येतो, तो मला खोटा वाटत नाही.

काळी माती, हातकणंगले

तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही, काका. मला फक्त एवढेच वाटते की कुपी हातात असली की वाट पाहण्याची गरज उरत नाही, आणि माझ्या आनंदाचा अर्धा भाग वाट पाहण्यातच आहे. आपला उन्हाळा आमच्यापेक्षा कठीण असतो, हेही खरेच. तेथे राहिलो असतो तर मीही कुपी घेतली असती.

ओवळीखाली, फोंडा

बकुळीला आमच्या गोव्यात आणि कोकणात ओवळी म्हणतात. आमच्या वाड्यावरच्या देवळामागे एक जुनी ओवळी आहे. तिची फुले झाडावरून कोणी तोडत नाही. ती पहाटे आपणहून खाली पडतात आणि उजाडण्याआधी जो पोचतो, त्याला स्वच्छ फुले मिळतात. फूल नखाएवढे, साईच्या रंगाचे, आणि गळून पडताना त्याच्या मधोमध आयते भोक राहते, त्यामुळे सुईची गरजच पडत नाही. केळीच्या सोपाचा बारीक दोर काढून त्यात ती ओवायची, हे मला आईने शिकवले.

ताई, आपण रोजचा वास विचारला आहे, म्हणून हे फूल मला विशेष सांगावेसे वाटले. मोगरा संध्याकाळपर्यंत पिवळा पडतो. पारिजातकाचे फूल हातात घेताच कोमेजू लागते. बकुळीचे फूल मात्र वाळून तपकिरी झाले, तरी त्याचा वास जात नाही. माझ्या आईच्या लुगड्यांच्या पेटीत वाळलेले वळेसर, म्हणजे या फुलांच्या माळा, असत. ती गेल्याला पुष्कळ वर्षे झाली. पेटी आता माझ्याकडे आहे, आणि दर हंगामात मी जुन्या वळेसरांत नवा एक ठेवते. काही कारणाने पेटी उघडावी लागली, तर झाकण उचलण्याआधी मी दोन्ही हात पुसून घेते. असे का करते ते मला सांगता येणार नाही, पण तिच्यासमोर ओल्या हाताने जाऊ नये असे वाटते.

सकाळी फुले वेचायला मला वीस मिनिटे लागतात. त्या वेळी शेजारची दोन मुलेही येतात, आणि आम्ही तिघे फारसे न बोलता वेचतो.

एल्बेकाठ, ड्रेस्डेन

वहीवाल्या मावशी, आपला प्रश्न मी कामाच्या ठिकाणी वाचला आणि तेथेच उत्तर लिहायला बसले, कारण जर्मनीतील ज्या शहरात मी राहते, त्याचा आपल्या आजाराशी थेट संबंध आहे. येथील विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गंधाच्या सरावाविषयी संशोधन प्रसिद्ध केले. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे हुंगायचे, एवढाच तो सराव. ज्यांनी तो केला, त्यांच्यापैकी अनेकांची वास ओळखण्याची क्षमता सुधारली. नाकाच्या छताशी असलेल्या गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, त्यामुळे अशी सुधारणा शक्य होते. आपल्या शरीरातील फार थोड्या चेतापेशींना हे भाग्य लाभले आहे. आपण रोज एक वास लक्ष देऊन घेता आणि तो लिहून ठेवता, हे वाचून मला वाटले की आपण नकळत तोच मार्ग धरला आहे. आपल्या ओळखीत अजूनही कोणाला वास येत नसेल, तर त्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटून या सरावाविषयी अवश्य विचारावे.

आता माझा वास. येथे डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. घरी येऊन मी मिसळणाचा डबा उघडते, आणि सातही वाट्यांचा जो एकत्र वास येतो, त्यात सर्वांत वर हिंगच असतो. कच्चा हिंग उग्र, जवळजवळ नकोसा. तोच तापल्या तेलात पडला की क्षणात मवाळ होतो. मोहरी तडतडल्यावर हिंग, त्यावर कढीपत्ता, आणि मग डाळ ओतली की येणारा चुर्र आवाज. शेजारच्या जर्मन आजींनी एकदा दार वाजवून हा वास कशाचा म्हणून विचारले, तेव्हा तक्रार असेल असे समजून मी घाबरले होते. त्यांना आमटीची चव पाहायची होती. आता दर गुरुवारी त्यांच्यासाठी एक वाटी बाजूला ठेवते.

भाकरीचा तवा, बार्शी

मी रोज सकाळी आठ भाकऱ्या करते. इतक्या वर्षांत या वासाला मी कधी नाव दिले नव्हते. आपला प्रश्न वाचून काल प्रथमच नीट लक्ष दिले.

एकाच भाकरीत वास तीन वेळा बदलतो. काठवटीत गरम पाण्याने पीठ मळताना तो ओलसर, कच्च्या धान्याचा असतो. भाकरी तव्यावर टाकून तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला की वाफेबरोबर किंचित गोडसर वास उठतो. मग ती उलटून, शेवटी जाळाशी उभी केली की पापुद्रा सुटून फुगते, आणि ठिपके पडतात त्या जागी खरपूस वास सुटतो. माझ्या मुलीने सांगितले की भाजण्याच्या या वासाला कारण असलेली क्रिया लुई-कामिय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली आणि पावापासून कॉफीपर्यंत सगळीकडे तीच घडते. मला त्यातले फार कळत नाही, पण नवी दगडी ज्वारी आणि वर्षभर कणगीत राहिलेली ज्वारी यांच्या भाकरीचा वास डोळे मिटूनही मला वेगळा सांगता येतो. नवी ज्वारी गोड वाटते. जुनी, नीट राखलेली असेल तर, अधिक भरीव वाटते.

पहिली भाकरी मी तव्याशेजारी ठेवते आणि दुसरी टाकेपर्यंत तिच्याकडे पाहत राहते. घरात तेव्हा कोणी उठलेले नसते.

वहीवाली, पुणे

सर्वांची मनापासून आभारी आहे. अत्तरवेडा यांचे म्हणणे मला पटले आहे, म्हणून माझी अट मी मागे घेते. उन्हाळ्यात धीर देणारा थेंब आनंदाच्या यादीत असायलाच हवा. एल्बेकाठ, तुम्ही दिलेली माहिती मी माझ्या एका मैत्रिणीला वाचून दाखवली. तिला अजून कॉफीचा वास खोटाच येतो. लवंगा आणि लिंबू तर घरात आहेतच, बाकीचे दोन वास कसे मिळवायचे ते तज्ज्ञांना विचारून ठरवू, असे ती म्हणाली.

ओवळीखाली, तुमचे उत्तर वाचून मी आज पहाटे आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या जुन्या शाळेपाशी गेले. त्या आवारात बकुळ आहे हे मला ठाऊक होते, पण एवढ्या वर्षांत मी कधी खाली वाकून पाहिले नव्हते. झाडलोट करणाऱ्या बाईंनी माझ्यासाठी झाडू थांबवला. अकरा फुले मिळाली, ती वहीतच ठेवली आहेत.

माझी नात आता शाळेत जाते. परवा रविवारी तिला शिकेकाईने न्हाऊ घातले आणि केस पुसताना तिच्या टाळूवर नाक टेकवले. त्या तारखेपुढच्या दोन ओळी लिहायला मी दोनदा बसले आणि मला शब्द सापडला नाही, म्हणून ती जागा तशीच मोकळी सोडली आहे.