हलका, बजेटमधला ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचाय (इंदूर), टोकन देण्याआधी काय काय बघू?

रामबाग_वाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं, आता घरून पण होकार मिळालाय म्हणून विचारून टाकतो. गाडीच्या मागे लावायचा छोटा ट्रेलर घ्यायचाय, आत दोघं झोपतील एवढा, मागचं झाकण वर उचललं की किचन, ते थेंबाच्या आकाराचे असतात ना तसा. मोठी कॅराव्हॅन नको, परवडणार नाही आणि आमच्या गल्लीत वळणारही नाही. बजेट साडेसहा लाख, ताणून सात. जाणार म्हणजे मांडू, महेश्वर, हनुवंतिया, कधी पचमढी आणि जमलं तर कोकणात सासरी. गाडी पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे, आरसीवर वजन १३०० किलोच्या आसपास.

एक ट्रेलर जवळपास पसंत आहे, पीथमपूरकडे एक जण बनवतो. ब्रोशरमध्ये वजन ५२० किलो, ग्रॉस (सामान भरून जास्तीत जास्त) ७५०, एक ॲक्सल, ब्रेक नाहीत (एवढ्या हलक्याला लागतच नाहीत म्हणतो), ६० लिटरची पाण्याची टाकी मागे किचनखाली, आणि वर छोटा एसी पण बसवून देतो म्हणतो. सारखा फोन करून टोकन मागून राहिलाय. द्यावं का? आणि बघायला गेलो तर नेमकं काय बघू, फोटोत तर सगळेच छान दिसतात.

सेव_परमल
आधी ठेवणार कुठे ते सांगा भिया. रामबागेत स्कूटर लावायला जागा नाही.

रामबाग_वाला
राऊला भावाचा प्लॉट आहे, शेड टाकून देतो म्हणालाय. तो प्रश्न सुटला.

गॅरेजकाका
टोकन अजिबात देऊ नका अजून. त्याला सांगा ट्रेलर धर्मकाट्यावर (ट्रक तोलतात तो काटा) चढवायचाय. पीथमपुरात ठिकठिकाणी काटे आहेत, थोडक्या पैशात पावती मिळते. काटा करू देत नसेल तर तिथेच नमस्कार करून घरी या, बाकीचं बघायची गरजच नाही.

कारण असं आहे की ब्रोशरमधलं ५२० हे बहुतेक रिकाम्या डब्याचं वजन असतं, त्यात बॅटरी नाही, स्टेपनी नाही, एसी नाही, कधी कधी गादीसुद्धा नाही. ७५० मधून काट्यावरचं खरं वजन वजा करायचं आणि जे उरेल तेवढंच सामान तुम्ही नेऊ शकता. कागदावर २३० किलो उरतायत, भरपूर वाटतात, पण आता मोजा. टाकी भरली की ६० किलो, पाण्यात सूट मिळत नाही. १०० एएचची (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर, म्हणजे लेड ॲसिडची, बॅटरी तीसएक किलो, लिथियम घेतली तर बारा-तेरा. एसी आणि त्याची फ्रेम, गॅस, शेगडी, भांडी, खुर्च्या, ताडपत्री नि तिचे पाइप, गाद्या-पांघरुणं, वर सासरहून परत येताना नारळ, आंबे आणि फणस.

दुसरं, हा ७५० आकडा कुठून आला ते पण समजून घ्या. युरोपात ७५० किलो ग्रॉसपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे नाहीत, म्हणून छोटे ट्रेलर बनवणारे बरेच जण त्या आकड्यावर येऊन थांबतात. त्याच नियमात पुढे अजून एक अट आहे ती कोणी सांगत नाही, बिनब्रेकचा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या अर्ध्या वजनाच्या वर जाता कामा नये. म्हणजे तुमच्या १३०० च्या गाडीला झाले ६५०. नियम तिकडचा असेल पण गणेश घाट आपलाच आहे, तिथल्या उतारावर ट्रकांचे ब्रेक फेल होऊन काय व्हायचं ते एबी रोडने (आग्रा-मुंबई हायवे) जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. बिनब्रेकचा ट्रेलर उतारावर तुमच्या गाडीला मागून ढकलत असतो आणि दोन्हींचा भार तुमच्या चार ब्रेकवर.

आणि गाडीचं मॅन्युअल काढून टोइंगचं पान वाचा. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं असतं की ट्रेलर ओढू नका. तसं असेल तर हा धागा इथेच बंद.

तंबू_बरा
मी तर म्हणतो घेऊच नका. कॅरियरवर रूफटॉप टेंट लावा, पन्नास-साठ किलोत काम होतं, रिव्हर्सची कटकट नाही, आरटीओची नाही, शेडची नाही. वर्षातले अकरा महिने उभा राहणाऱ्या वस्तूवर सात लाख कशाला घालायचे? एकदा भाड्याने कॅराव्हॅन घेऊन दोन रात्री झोपून बघा, निम्म्या लोकांची हौस तिथेच फिटते.

फिरस्ती_आजी
तंबूवाले, साठीच्या गुडघ्यांना रात्री दोनदा शिडी उतरायला सांगा आणि मग बोला :)

रामबागवाले, तुम्ही दोघं जोडीने जा आणि आत आडवे व्हा. पाच मिनिटं नाही, दार लावून चांगला अर्धा तास. कूस बदलता येते का, भिंतीकडे झोपलेल्याला दुसऱ्याच्या अंगावरून न जाता बाहेर पडता येतं का, उठून बसलं की डोकं छताला लागतं का, खिडकी एकाच बाजूला आहे का दोन्हीकडे. मालव्यातल्या मेमध्ये एका खिडकीचा ट्रेलर म्हणजे भट्टी. सोयीचं काय आहे तेही विचारा, पोर्टेबल टॉयलेट ठेवायला जागा हवीच आणि ते रिकामं कुठे करणार हे निघायच्या आधी ठरलेलं हवं. इंदूरकर म्हणून स्वच्छतेतल्या नंबर एकची मिरवणूक काढायची आणि महेश्वरला रस्त्याकडेला ओतायचं असं नको.

गॅस आत ठेवायचा असेल तर त्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक पाहिजेच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. वरची जाळी दाखवून व्हेंटिलेशन आहे म्हणतात, तिचा काही उपयोग नाही.

ब्रेडबोर्ड
एसीचा हिशोब कोणी केला का? १२ व्होल्ट १०० एएच म्हणजे १२०० वॅट-अवर, लेड ॲसिडमधले निम्मेच वापरायचे, राहिले ६००. पाऊण टनाचा एसी सात-आठशे वॅट खातो. म्हणजे पाऊण तास, तोही इन्व्हर्टरचं नुकसान न धरता. रात्रभर चालवायचा तर लाइटीचं कनेक्शन हवंच, आणि ते जिथे मिळतं तिथे बहुतेक रूम पण मिळते. १२ व्होल्टचे दोन चांगले पंखे आणि छताला एक्झॉस्ट घ्या, वजन वाचेल ते वेगळंच.

फाइल_पुढे_सरकवा
कागदांचं बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार व्हेईकलच्या व्याख्येतच ट्रेलर आहे, त्यामुळे रजिस्ट्रेशन आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स दोन्ही लागतं, "छोटा आहे, चालतं" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. स्वतःच्या वापराचा कॅम्पर ट्रेलर हा २००४ च्या केंद्राच्या नोटिफिकेशनप्रमाणे नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये येतो, ते बरं आहे. विकणाऱ्याकडून फॉर्म २१ (विक्रीचा) आणि फॉर्म २२ (रोडवर्दी असल्याचा, बनवणाऱ्याने द्यायचा) मिळणार का, आणि या मॉडेलचं टाइप अप्रूव्हल (टेस्टिंग होऊन मिळणारी मंजुरी) आहे का, हे टोकनच्या आधी विचारा, लेखी घ्या. नुसतं जीएसटीचं बिल हातात देऊन "एमपी ०९ चा नंबर तुम्ही काढून घ्या" म्हणाला तर समजा शेडमध्ये उभी करायची एक महाग खोली घेतलीत. पीथमपुरात नॅट्रॅक्ससारखं टेस्टिंग सेंटर आहे, ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, त्याच्या कुंपणाला लागून राहून अप्रूव्हल काय असतं माहीत नाही म्हणणं हे काही पटण्यासारखं नाही.

आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नाही. मुलं हट्ट करतात.

गॅरेजकाका
मघाशी राहिलं ते लिहितो, जेवायला हाक आली होती.

नाकावरचं वजन, म्हणजे हुकावर ट्रेलर किती दाबतो. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, युरोपात ५ ते ७. याच्या खाली गेलं, म्हणजे मागचा भाग जड झाला, की हायवेवर ट्रक बाजूने गेला तरी ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि स्पीड वाढला की ती वाढतच जाते. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगने सावरायला जायचं नाही, सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा. पण ती वेळच कशाला येऊ द्यायची. घरातला वजनकाटा घेऊन जा, ट्रेलर लेव्हलला आणून नाकाखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली काटा, दोन मिनिटांचं काम. तुमची टाकी मागे, किचन मागे, मला तिथेच शंका येऊन राहिली आहे. एकदा टाकी रिकामी असताना मोजा आणि एकदा भरून.

मग पाणी. ट्रेलर मरतो तो गळतीने, इंजिन तर नसतंच त्याला. कोपरे, खिडकीच्या कडा, छतावरच्या पंख्याभोवती अंगठ्याने जोरात दाबून बघा, मऊ लागलं किंवा फुगवटा आला की आत प्लाय कुजलाय. जमीन पाय आपटून बघा, गाद्या उचलून खालचा वास घ्या. नवीन असेल तर विचारा जोडांमध्ये ब्यूटाइल टेप आहे का नुसतं पांढरं सिलिकॉन थापलंय. सिलिकॉन एकदा सुटलं की त्यावर परत काही नीट चिकटत नाही, खरवडत बसावं लागतं. पाइप लावून छतावर पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडा आणि तुम्ही आत टॉर्च घेऊन बसा.

टायरवर शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नवीन ट्रेलरला जुने पडून असलेले टायर लावतात लोक. लोड इंडेक्स पण वाचा, ७५ असेल तर एक टायर ३८७ किलो, दोन मिळून ७७४, म्हणजे ७५० च्या ट्रेलरला जेमतेम. साइज अशी घ्या की धामनोदच्या पंक्चरवाल्याकडे पण मिळेल. वीस-तीस किलोमीटर ओढून आणा आणि दोन्ही हबला हात लावा, कोमट चालेल, एकच जास्त तापला असेल तर बेअरिंग बघायला लावा. सेफ्टी चेन, इंडिकेटर, ब्रेकलाइट हे सांगायची गरज नाही, पण तरी तपासा.

सेप्टिक_टँक
गळतीवरून आठवलं, शक्य असेल तर दोन तुकड्यांत ओतलेली फायबरची बॉडी बघा, जोड कमी तर गळती कमी. कॅनडात विनिपेगला १९६८ मध्ये बोलर नावाचा असा छोटा ट्रेलर निघाला, तो काढणारा माणूस आधी फायबरच्या सेप्टिक टँक बनवायचा, माझ्या आयडीचा काही संबंध नाही. ते जुने ट्रेलर अजून रस्त्यावर आहेत. आपल्याकडचे बरेच एमएस (साध्या लोखंडाच्या) पाइपची फ्रेम आणि वर एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट) शीट असे असतात, स्वस्त पडतात पण फ्रेमचं वजन बघा आणि वेल्डिंगवर आतून रंग मारलाय का ते पण.

रामबाग_वाला
जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून नेला होता, तो माणूस कागद बघूनच जरा गंभीर झाला. काटा करू दिला मात्र, त्याबद्दल त्याला मार्क.

बॅटरी आणि स्टेपनीसकट, एसी नाही, पाणी नाही: ६०५ किलो. ५२० बद्दल विचारलं तर म्हणे ते "बेसिक स्ट्रक्चर"चं. नाकाचं वजन टाकी रिकामी असताना ३८, भरल्यावर १४. गळती नाही, आत अगदी कोरडं. आडवे पण झालो, बायकोला पसंत आहे, माझे पाय भिंतीला लागतात. फॉर्म २१-२२ देतो म्हणाला, अप्रूव्हलचा कागद मेलवर पाठवतो म्हणाला, अजून आलेला नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगला मनाई नाही, बिनब्रेकच्या ट्रेलरला ६५० च लिहिलंय.

गॅरेजकाका
३८ वरून १४, म्हणजे जी शंका होती तेच. टाकी ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आणि हुक ३ मीटर पुढे धरला तर ६० किलो पाणी नाकावरचे २४ किलो उचलून घेतं, हिशोब जुळतो. ६६५ किलोवर १४ म्हणजे दोन टक्के, असा ट्रेलर मी राऊ सर्कलपर्यंत पण ओढणार नाही. आणि टाकी भरली की मॅन्युअलचे ६५० तिथेच ओलांडले, अजून तुमची एक चादर पण आत गेलेली नाही.

पण ट्रेलर सोडून देण्यासारखा नाही, कोरडा आहे ही मोठी गोष्ट. त्याला तीन गोष्टी सांगा. टाकी ३० लिटरची आणि ॲक्सलच्या किंचित पुढे. बॅटरी लिथियम, तीही पुढे नाकाकडच्या पेटीत. आणि ओव्हररन ब्रेकचा ॲक्सल, त्यात गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे येतो, कपलिंग दाबलं जातं आणि त्यानेच चाकांचे ब्रेक लागतात, वेगळी वायर नको काही नको, हँडब्रेक पण मिळतो. थोडं वजन वाढेल, चालेल, पण मॅन्युअलमध्ये ब्रेकवाल्या ट्रेलरचा आकडा वेगळा असतो तो बघून घ्या. एसी विसरा. आणि ॲक्सल बदलला तर अप्रूव्हल त्याच ॲक्सलसकट असलेल्या मॉडेलचं हवं, हे फाइलवाले जास्त नीट सांगतील.

फाइल_पुढे_सरकवा
बरोबर. अप्रूव्हल बिनब्रेकच्या मॉडेलचं आणि ट्रेलर ब्रेकवाला, असं झालं तर इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी तेच पान उघडतील. मेल येईपर्यंत टोकन खिशात.

रामबाग_वाला
त्याच्याशी बोललो आत्ता. टाकी पुढे घेऊन देतो, त्याचे पैसे नाही म्हणाला. ब्रेकवाला ॲक्सल त्याच्या मोठ्या मॉडेलला येतो आणि अप्रूव्हल त्याचंच झालंय, याचं "प्रोसेसमध्ये" आहे. मोठ्या मॉडेलची किंमत बजेटच्या बाहेर, पण एक डेमो पीस आहे, दोन पावसाळे बाहेर उभा राहिलेला, तो सातच्या आत देईन म्हणतो. शनिवारी बघायला जातोय.

गॅरेजकाका
दोन पावसाळे बाहेर म्हणजे आधी छताला शिडी लावायची. मी पण येतो शनिवारी, सकाळी उन्हाच्या आधी निघू. टॉर्च आणि खाली झोपायला एक जुनी चादर घ्या, आणि त्याला आत्ताच फोन करून सांगा आम्ही यायच्या आधी धुवून पुसून ठेवू नको.

सेव_परमल
येताना राऊहून पोहे बांधून आणा. वजनात धरू नका ते.