सीईटीच्या मॅथ्ससाठी घरी ट्युशन लावावी का? (बारावी, कोल्हापूर)

पाचगावची_आई
नमस्कार. मुलगा बारावी सायन्सला आहे, पीसीएम. राजारामपुरीत अकरावीपासून क्लास लावलाय, दोन वर्षांची फी आधीच भरून बसलोय. फिजिक्स केमिस्ट्री बरं चाललंय पण मॅथ्सला क्लासच्या टेस्टमध्ये शंभरात चाळीसच्या वर गाडी सरकतच नाही. बॅचला एवढी पोरं की डाऊट विचारायला गेलं तर सर म्हणतात नंतर ये, आणि ते नंतर कधी उजाडत नाही. आता एक सर घरी यायला तयार आहेत, आठवड्यातनं तीन दिवस, महिन्याला आठ हजार म्हणतात. ह्यांचं म्हणणं, गोकुळ शिरगावला नाईट करून आणतोय ते सगळं क्लासवाल्यांच्याच घशात घालायचं का. मला वाटतंय एप्रिलपर्यंतच काय ते हातात आहे. पोराला विचारलं तर "तुम्ही ठरवा". इंजिनिअरिंगला जायचंय, पण देशपातळीवरची जेईई देणार नाही, फक्त राज्याची सीईटी. इथलं केआयटी कॉलेज नायतर सांगलीचं वालचंद मिळालं तर बरं.

रंकाळ्यावरचा
ताई, मी गेल्या वर्षी दिली सीईटी. आधी घरात एक करून बघा. मॅथ्सचा जुना पेपर घ्या, ५० प्रश्न, ९० मिनिटं लावून बसवा. वेळ संपली की निळा पेन काढून घ्या, लाल द्या, आणि राहिलेली गणितं निवांत सोडवू दे. लालनं बरीच बरोबर आली तर त्याला येतंय, फक्त हात चालंना, मग सर लावून काय उपयोग नाही, रोज पेपर सोडवायला पाहिजेत. लालनं पण येईनात तर मात्र समोर बसून सांगणारा माणूस लागतोय.

कागलकर
सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री घरी सर. मग पोरगं स्वतः बसून अभ्यास कधी करणार ओ? क्लासची फी भरलीया ना, हक्कानं जाऊन बसा तिथं डाऊट सुटंपर्यंत. मी तर म्हणतो भाऊंचं बरोबर आहे.

गणितवाले_काका
लाल पेनचं आवडलं. ताई, तुम्ही मॅथ्सचीच काळजी करताय ते बरोबर आहे, २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे, कारण तिथं प्रश्नाला २ आणि फिजिक्स केमिस्ट्रीला १. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं येत नसलं तरी एकही प्रश्न कोरा सोडून यायचा नाही हे त्याच्या डोक्यात घाला. आणि साधारण २०% पेपर अकरावीवर येतो, सर्कल, स्ट्रेट लाईन वगैरे, ते पोरं बारावीत साफ विसरून जातात.

सर लावणारच असाल तर पहिल्या दिवशी विचारा पुस्तक कुठलं घेणार. बालभारतीचं म्हणाले तर पुढं बोला, जेईईचं जाडजूड मॉड्यूल बाहेर काढलं तर चहा पाजून वाटेला लावा. आणि शिकवताना पेन कुणाच्या हातात आहे ते बघा. आमच्या शेजारी एक सर यायचे, तासभर वहीत स्वतःच भराभर गणितं करायचे, पोरगं मान हलवायचं, आई खूश की आज केवढा पोर्शन झाला, आणि परीक्षेत तेच गणित आकडे बदलून आलं की पोरगं गार.

पाचगावची_आई
रविवारी बसवलं पेपरला. निळ्यानं १७ बरोबर, नंतर लालनं आणखी १४. इंटिग्रेशन आणि व्हेक्टरची मात्र लालनं पण कोरीच आहेत. विचारलं तर म्हणाला व्हेक्टर शिकवलं तेव्हा तापानं घरी होतो, नंतर कुणाला विचारलंच नाही. हे मला आज कळतंय बघा.

रंकाळ्यावरचा
मग झालं की काम. सरांना सांगा हे दोनच धडे, एक महिना. कबूल नसतील तर दुसरे बघा. व्हेक्टर जमलं की लाईन आणि प्लेनचा धडा पण निम्मा सोपा होतोय. बाकीच्यासाठी दिवसाआड एक पेपर, घड्याळ समोर ठेवून. ती १४ त्यातनंच येणार.

गणितवाले_काका
सहमत. फक्त महिन्याची फी आगाऊ सगळी देऊ नका, निम्मी द्या.

पाचगावची_आई
ह्यांना सांगितलं, एकच महिना, आठ हजार एकदाच. लगेच हो म्हणाले. आज संध्याकाळी सरांना फोन लावते.

कागलकर
एकदाच हे भाऊंनी वहीत लिहून घेतलंय का तेवढं बघा 😀