मांडी: 'थाय' की 'लॅप'?

'थाय' म्हणजेही मांडी आणि 'लॅप' म्हणजेही मांडी, मग इंग्रजीला दोन शब्द कशाला, या प्रश्नाचे उत्तर असे. 'थाय' हा शरीरशास्त्रातला शब्द आहे: खुब्यापासून गुडघ्यापर्यंतचा, शरीरातले सर्वांत लांब हाड ज्यात असते तो भाग, जो माणूस उभा असो वा आडवा, असतोच. 'लॅप' हा अवयवच नव्हे. बसल्यावर दोन्ही मांड्यांवर जी जागा तयार होते तिचे ते नाव, म्हणून 'थाय' दोन असल्या तरी 'लॅप' एकच, आणि माणूस उठला की तोही नाहीसा. (लॅपटॉप त्यातूनच आला, जरी माझा कायम टेबलावरच असतो.) मालवणच्या किनाऱ्यावर कोणी फाटके जाळे मांडीवर घेऊन शिवत बसला असेल, तर तिथे 'लॅप' म्हणावे, पण भातलावणीत दिवसभर वाकून मांड्या भरून आल्या, तर 'थाइज' हाच शब्द योग्य. मांडी घालून बसण्याला मात्र यांपैकी एकही चालत नाही. तिथे 'क्रॉस-लेग्ड' म्हणतात.