पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनने पेट्रोल वाचते का?

प्रश्न
पेट्रोल गाडीत विद्युत अपघटनाचा संच बसवावा की नाही, हे ठरत नाही. स्टीलच्या पट्ट्या असलेल्या डब्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळलेले पाणी भरायचे, त्याला बॅटरीवरून वीज द्यायची आणि तयार झालेला हायड्रोजन व ऑक्सिजन इंजिनाच्या हवेच्या मार्गात सोडायचा, अशी त्याची रचना आहे. इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारा अल्टरनेटर तर फिरतच असतो, मग ही वीज फुकटच नाही का? शिवाय संच बसवलेले काहीजण मायलेज वाढल्याचे सांगतात आणि ते खोटे बोलत असतील असे मला वाटत नाही.

प्रतिसाद
ते खोटे बोलत नसतील, पण वीज मात्र फुकट नाही. अल्टरनेटरवरचा भार वाढला की तो फिरवायला इंजिनाला तेवढा जास्त जोर लावावा लागतो. गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावून पाहा; इंजिनाचा आवाज क्षणभर दबलेला बऱ्याचदा ऐकू येतो.

हिशेब असा आहे. एका घटातून (दोन पट्ट्या आणि त्यांमधले पाणी) १ अँपिअर विद्युतधारा गेली की मिनिटाला सुमारे ७ मिलिलिटर हायड्रोजन मिळतो; ही मर्यादा फॅरडेच्या नियमाने (जेवढी विद्युतधारा, तेवढाच वायू) ठरलेली असून पट्ट्यांची रचना बदलून ती ओलांडता येत नाही. एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडलेल्या सहा घटांतून २० अँपिअर सोडल्यास मिनिटाला ८४० मिलिलिटर हायड्रोजन निघेल, ज्याच्या ज्वलनातून जेमतेम १५० वॅट उष्णता मिळते. त्यासाठी १३.८ व्होल्टला २७६ वॅट वीज लागते, अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर इंजिनाकडून ५०० वॅट घ्यावे लागतात आणि इंजिनाची २५ टक्के धरली तर त्यापायी २००० वॅट उष्णतेचे पेट्रोल जळते. ताशी ४ लिटर पेट्रोल पिणारी गाडी सुमारे ३५ किलोवॅट उष्णता वापरते, त्यात हे १५० वॅट कुठे दिसणार?

मायलेज वाढते ते बहुधा दुसऱ्याच कारणाने. अनेक संचांसोबत ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाचा) संदेश बदलणारे एक छोटे सर्किट येते, त्यामुळे इंजिनाचा संगणक पेट्रोल कमी सोडतो. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास असेल तरच सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीतला उत्प्रेरक नायट्रोजनची ऑक्साइडे नीट हटवतो, त्यामुळे या बचतीची किंमत धुरातून मोजावी लागते.

प्रश्नकर्ता
पण नासानेच हायड्रोजनमुळे ज्योतीचा वेग वाढतो असे दाखवले होते ना?

प्रतिसाद
दाखवले होते आणि ते काम महत्त्वाचे आहे. नासाच्या लुईस संशोधन केंद्राच्या १९७७ च्या अहवालात पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळून जास्त हवेच्या पातळ मिश्रणावर इंजिन चालवले होते. मात्र तो हायड्रोजन गॅसच्या सिलिंडरमधला किंवा मिथेनॉलपासून बनवलेला होता. इंजिनाच्याच अल्टरनेटरवर पाणी फोडून काढलेला नव्हता.

आणखी एक प्रतिसाद
मी असा संच आठ महिने वापरला. पेट्रोलची टाकी दर वेळी काठोकाठ भरून नोंद ठेवली, पण फरक पडला नाही. डब्यातले पाणी मात्र काही आठवड्यांत तपकिरी झाले, कारण पट्ट्यांचे स्टील झिजून पाण्यात उतरत होते. ते द्रावण त्वचा भाजणारे असते, म्हणून संच काढताना हातमोजे आणि चष्मा घालाच. नळीत दोन्ही वायू मिसळलेलेच असतात आणि एक ठिणगी त्यांना पुरते, तेव्हा आधी बॅटरीची तार सोडवा, बॉनेट उघडे ठेवून वायू निघून जाऊ द्या आणि मगच नळीला हात लावा.